मलमाची वेळ

पुस्तकं बांधणारे बाइंडर मुळातच कमी बोलायचे, आणि घरात त्याहूनही कमी. "जेवायला वाढ" आणि "दिवा मालव" एवढ्या भांडवलावर या माणसाने अख्खा संसार रेटला. स्वभावाने वाईट नव्हते हो, फक्त तोंडाला कुलूप. जुनं फाटकं पुस्तक मात्र ते इतकं हळुवार उलगडायचे की बायको एकदा म्हणाली होती, "मी पुस्तक झाले असते तर बरं झालं असतं." ते नुसते हसले होते.

उतारवयात तिच्या हातांवर इसब उठला. मनगटापासून कोपराच्या घडीपर्यंत लालभडक, खाजवून खाजवून पाणी सुटायचं. संधिवाताने तिची बोटं आखडलेली, ट्यूबचं झाकणही फिरेना. डॉक्टरीणबाईंनी कडक स्टेरॉइडचं मलम दिलं आणि बाइंडरना बजावलं, "बोटाच्या टोकाच्या पेरावर मावेल एवढंच एका हाताला. दिवसातून एकदा, पातळ. वरून काही गुंडाळायचं नाही. दोन आठवड्यांनी दाखवायला या. औषध चांगलं आहे, पण जपून वापरायचं."

त्या दिवसापासून दुकान बंद झालं की बाइंडर स्टूल ओढून तिच्यासमोर बसायचे आणि तिचा हात मांडीवर घ्यायचे. पण उघडं मलम त्यांना बघवेना. सगळा जन्म पुठ्ठ्याला खळ लावण्यात गेलेला. खळ लावली की वर मेणकागद घालून दाबाखाली ठेवायचं, नाहीतर ती धरत नाही.

"अहो, गुंडाळू नका म्हणाल्यात ना त्या?"

"उघडं ठेवलं तर वाळून जाईल. आत मुरायचं कसं?"

झालं! वर प्लास्टिक, त्यावर घट्ट पट्टी.

इसब दोन आठवड्यांत गेला. बाइंडर मात्र स्टूलावरून उठले नाहीत. कारण त्या अर्ध्या तासात त्यांना वाचा फुटली होती. कुणाच्या पुस्तकात वाळलेलं फूल निघालं, कुणाच्या पानात केसांची बट, सगळं ते तिला सांगायचे. ती पोट धरून हसायची आणि पट्टी बांधून झाली की म्हणायची, "अजून जरा खाजतंय हो." मग दुसऱ्या दिवशी पुन्हा मलम. डॉक्टरीणबाईंकडे कुणीच गेलं नाही. संपलेली ट्यूब दाखवली की औषधवाला नवी काढून द्यायचा. असे कितीतरी महिने गेले.

हातांवर जांभळे डाग उठू लागले. वय झालं, म्हणून दोघांनी सोडून दिलं. मग एका सकाळी ती न्हाणीच्या दारात घसरली. बाइंडरनी चटकन तिचा हात धरला. ती पडली नाही, पण त्यांच्या अंगठ्याखाली तिची कातडी भिजल्या कागदासारखी सरकली आणि फाटली.

डॉक्टरीणबाई भडकल्या. "इसब केव्हाच गेला होता की! या मलमाने कातडी पातळ होते, प्लास्टिकखाली तर जास्तच. मग लावत कशाला राहिलात?"

बाइंडरनी मान खाली घातली. बायकोच म्हणाली, "मीच सांगायचे, खाजतंय म्हणून." मग ती हळूच म्हणाली, "खाजत नव्हतं."

बाइंडरनी मान वर केली नाही. तिची स्वच्छ कातडी त्यांनाही रोज दिसत होतीच ना?

डॉक्टरीणबाईंचा आवाज खाली आला. प्लास्टिक आजपासून बंद. जखम भरेल. तिथे मलम नको, बाकी हाताला सौम्य मलम एक दिवसाआड, आणि मग हळूहळू तेही बंद. साधं मॉइश्चरायझर मात्र रोज. "कातडी थोडीफार सुधारेल. पूर्वीसारखी होईलच असं नाही." मग त्यांनी बाइंडरचे हात उलटे करून पाहिले. सुरीने आणि दोऱ्याने घट्टे पडलेले, खरखरीत. "यापुढे हे तुम्ही लावू नका. कुणीतरी मऊ हाताने लावायला हवं."

आता सून लावते. गुणाची पोर आहे, काळजीने लावते, पाच मिनिटांत आटपते. बाइंडर तिथेच स्टूलावर बसतात, मांडी रिकामी. झाकण हरवू नये म्हणून ते त्यांच्याकडे दिलेलं असतं.

"अहो, आज काय निघालं पुस्तकात?" बायको विचारते.

निघालेलं असतं काहीतरी. ते तोंड उघडतात. पण तिचा हात हातात नसला की त्यांना बोलताच येत नाही, पूर्वीही येत नव्हतं.

"काही नाही," ते म्हणतात.

"बाबा, झाकण द्या," सून म्हणते.