पिलारबाईंना वांगं समजावताना

स्पेनला शिकायला निघालात? मग ती बॅग राहू द्या बाजूला, आधी बसा. चहा घ्या. लोक तुम्हाला सांगतील, स्वेटर न्या, मसाला न्या, तिकडे दुपारी दुकानं बंद असतात आणि रात्री दहाशिवाय कोणी जेवत नाही. सगळं खरं आहे हो! पण मी जे करून बसले, त्याबद्दल कोणीच सावध करणार नाही. कारण एवढा पराक्रम दुसऱ्या कोणी केलेलाच नाही.

झालं असं, की मला तिकडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. राहायची जागा मात्र मिळेना. आणि राहण्याचा पत्ता हातात असल्याशिवाय व्हिसाची फाईल पुढे सरकत नाही. शेवटी माझी धुळ्याची मैत्रीण शबाना मदतीला आली. ती तिथेच शिकत होती. तिनं एक घरमालकीण शोधली, पिलारबाई. एकट्या राहणाऱ्या, कडक शिस्तीच्या.

"व्हिडिओ कॉलवर बोल त्यांच्याशी," शबाना म्हणाली. "इंग्रजी येत नाही त्यांना. स्पॅनिशमध्ये दोन-चार वाक्यं बोललीस तरी खूश होतील."

दोन-चार? मी मोबाईलवर शिकून शिकून घरच्यांचं डोकं खाल्लं होतं! मला काय कमी समजली ही?

बाईंचा कॉल आला, तेव्हा आम्ही पिंपळनेरजवळ आमच्या शेतात होतो. भरिताची पार्टी! पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, पेटवलेल्या. हा एवढा जाळ! त्यात वांगी भाजतायत, आणि आबा, म्हणजे माझे वडील, बाह्या सरसावून भल्या मोठ्या लाकडी दांडक्यानं भाजलेली वांगी ठेचतायत.

म्हटलं, वा! आपल्या घरचं वळण दाखवायला याहून चांगला मुहूर्त कोणता?

मी मोबाईल आबांकडे वळवला आणि स्पॅनिशमध्ये सुरू झाले. "हे माझे वडील. आमच्याकडे दरवर्षी वांगं असतं. खूप मोठं वांगं!"

पिलारबाईंचं हसू मावळलं.

मला वाटलं, नीट दिसलं नसेल. "आबा, जरा जोरात ठेचा ना!"

आबांनी दांडकं पार डोक्यावर नेऊन हाणलं. वर विचारतात कसे, "काय म्हणी ऱ्हायनी ती बाई? वांगं आवडस का तिले?"

चांगला प्रश्न! मी लगेच बाईंना विचारलं, "तुमच्याकडे वांगं आहे का?"

बाई खुर्चीत ताठ झाल्या. मी आणखी गोड हसले. "काळजी नको! मी आले की तुमच्या घरात वांगं करीन. शेजाऱ्यांनाही बोलवू!"

फोन कट.

"काबर ठी दिन्हा वं तिनी फोन?" आबांनी विचारलं.

"रेंज गेली असेल," मी म्हणाले.

रेंज कसली जाते! थोड्याच वेळात शबानाचा फोन. "अगं, काय बोललीस तू त्यांना? त्या म्हणतायत, ही मुलगी घरात नको!"

"वांग्याबद्दल बोलले गं! बेर्ग्वेन्सा!"

शबाना किंचाळली, "वांगं म्हणजे बेरेन्हेना! बेर्ग्वेन्सा म्हणजे लाज!"

आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. मागे जाळ. दांडकं उगारलेला माणूस. आणि पुढे एक हसरी पोरगी सांगतेय, हे माझे वडील, आमच्याकडे दरवर्षी लाज असते, खूप मोठी लाज. तुम्हाला लाज आहे का? मी आले की तुमच्या घरात लाज आणीन. शेजाऱ्यांनाही बोलवू!

जागा गेली, व्हिसा गेला, कॉलेज गेलं! मी तिथेच बांधावर बसून रडायला लागले.

"रडस काबर?" आबा गरजले. "वांगं हातमा धर, दखाड तिले! लाव फोन!"

लावला. पिलारबाईंनी उचलला, चेहरा दगडासारखा. मी एक चकचकीत जांभळं वांगं गालाला टेकवलं आणि ओरडले, "बेरेन्हेना!" जाळातल्या वांग्यांकडे बोट केलं, "बेरेन्हेना!" मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला, "बेर्ग्वेन्सा!"

बाई आधी बघतच राहिल्या. मग अशा हसायला लागल्या, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले! आबांनी भरिताचं ताट कॅमेऱ्यापुढे धरलं. बाईंनी तिकडून हात जोडले. जागा पक्की! अटही घातली, आल्या आल्या भरीत करून घालायचं. फोन ठेवताना मीही स्पॅनिशमध्ये सांगून टाकलं, आता मी फार थकलेय! शेतात असा जल्लोष झाला, की पलीकडच्या मळ्यातले लोक विचारायला आले, लग्न ठरलं काय?

आणि खरंच, व्हिसा आला, मी पोचले! घ्यायला शबाना आली होती. पिलारबाईंनी दार उघडलं, मला मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि लगबगीनं जिना उतरून खाली गेल्या. आम्ही खोलीत गेलो. बघते तर काय, ऐसपैस डबलबेड, दोन उशा, दोन टॉवेल!

"बघ!" मी ऐटीत शबानाला म्हटलं. "याला म्हणतात छाप पाडणं!"

शबानानं कपाळाला हात लावला. "कसली छाप? त्या दिवशी फोन ठेवताना तुला 'कान्सादा', म्हणजे 'मी फार थकलेय', म्हणायचं होतं ना? तू म्हणालीस 'कासादा', म्हणजे 'माझं फार लग्न झालंय.' बाई खाली तुझ्या नवऱ्याला शोधतायत!"