सुईची जरूरत नाही

आमच्या गावात नाक गळायला लागलं, की इचोड्याच्या दवाखान्यात जाऊन सुई घ्यायचीच. सुई टोचली नाही तर ते दुखणंच नव्हे, असा सगळ्यांचा ठाम समज! लहानपणी बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. डॉक्टर कमरेत सुई द्यायचे, मी बोंब ठोकायची, आणि मग रोडवरच्या ढाब्यावर गरम भजी. त्या भज्यांपायी मी किती खोटं खोटं शिंकले असेन! कापूस वेचणीच्या दिवसांत तर अर्धं गाव नाक पुसत इचोड्याला निघायचं. आता आठवलं की फार बरं वाटतं.

मागच्या हिवाळ्यात मायला पडसं झालं. नाक गळतं, घसा खवखवतो, थोडा खोकला. मी तिला आदिलाबादला दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी ताप पाहिला, घसा पाहिला, छाती नीट ऐकली. म्हणाल्या, "सर्दी है अम्मा. सुई की जरूरत नहीं, घर ले जाओ." मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, वाफ, आराम, बस्. ताप चढला किंवा धाप लागली तर मात्र लगेच आणा, असं मला बजावलं. मी तर खूश झाले.

माय मात्र घरी येऊन जेवलीही नाही. सकाळी पाहते तर तिनं कानातले काढून माझ्यापुढं ठेवलेले!

"हे तू ठेव. अन् गाय इकू नको बरं मायामागं."

"अवं माय, काऊन असं बोलून राह्यली?"

"मले काय येड्यात काढतं? आयकलं नं म्या. तुया बापालेबी असंच म्हनलं होतं."

खरंच की! बाबांच्या शेवटच्या दुखण्यात मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं हेच म्हटलं होतं. आता सुईची जरूरत नाही, घरी न्या. आम्ही नेलं, आणि बाबा गेले. बिचारी माय काल रात्रभर मरणाची तयारी करत पडली होती.

मी तिचे दोन्ही हात धरले. "माय, तुले पडसं हाय वं, नुसतं पडसं! ताप नाई, धाप नाई, छाती साफ हाय. बाबाचं येगळं होतं."

ती मोठ्यानं शिंकली. मग पदरानं माझे गाल पुसत म्हणाली, "मंग तू काऊन रडून राह्यली?"