छपरासाठी चार बुधवार

क्लिफर्ड थ्रॉसेलने उभा जन्म टपाल वाटण्यात घालवला. हॅमरथॉर्प या इंग्लिश खेड्यातलं एकही दार असं नव्हतं, ज्याच्या फटीतून त्याने पत्र आत सारलं नव्हतं. म्हणूनच समितीने गावच्या सभागृहाच्या छपराची वर्गणी त्याच्या गळ्यात मारली. सरकारी लॉटरीच्या निधीतून गावांना मदत देणारे खर्चाचा मोठा वाटा उचलायला तयार होते. अट एवढीच, की उरलेला वाटा गावाने आधी उभा करून दाखवावा. नाहीतर अर्ज बाद आणि सभागृहाला कुलूप.

कुलूप म्हणजे तिथलं मंगळवारचं गावकऱ्यांचं एकत्र जेवण बंद. बायको गेल्यापासून क्लिफर्ड आठवड्यातून तेवढा एकच घास माणसांत बसून खायचा, बाकीचे रेडिओसमोर. समितीत मात्र तो फक्त "छप्पर गळतंय बुवा" एवढंच म्हणायचा.

केक विकून झाले. सोडतीही झाल्या, पण बक्षिसाची शेरी वाइनची बाटली जिंकणारा दरवेळी लाजेकाजेने परत करी आणि पुढच्या सोडतीत तीच पुन्हा मांडली जाई.

"आता त्या बाटलीलाच समितीवर घ्या," अध्यक्षबाई मॉरीन म्हणाली. "आणि क्लिफ, तू मिसेस वॉर्बॉइजकडे जा. पैसा आहे, मागेपुढे कुणी नाही. सरळ माग."

सरळ माग! हॅमरथॉर्पच्या माणसाच्या पायावरून गाडी गेली, तरी तो आधी हवेविषयी दोन शब्द बोलतो.

पहिल्या बुधवारी बाईंकडे गुलाबांवरच्या किडीवर बोलणं झालं. दुसऱ्या बुधवारी वारा झाला. तिसऱ्या बुधवारी बाईंचा मेलेला कुत्रा झाला. दरवेळी तीन कप चहा, आल्याची बिस्किटं, आणि ताकाला गेलेला क्लिफर्ड भांडं लपवून परत.

"किती दिले?" मॉरीन विचारी.

"विषयच निघाला नाही गं."

"तो काय आपल्या पायांनी चालत येणार आहे? पुढच्या शुक्रवारी मुदत संपतेय!"

चौथ्या बुधवारी क्लिफर्ड पुन्हा गुलाबांकडे वळला, तेव्हा मिसेस वॉर्बॉइजनी किटली खाली ठेवली.

"मिस्टर थ्रॉसेल, तुम्ही छपराचे पैसे मागायला येता ना?"

क्लिफर्डने कप बशीत ठेवला. "म्हणजे... तसं अगदीच..."

बाईंनी घड्याळामागून पाकीट काढलं. "चेक आहे. पहिल्याच बुधवारी लिहिला होता."

"मग तेव्हाच का नाही...?"

"मागितला असता तर दिला असता." बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. "पण मिळाल्यावर तुम्ही पुन्हा कशाला आला असता?"

क्लिफर्डनेही खिडकीबाहेर पाहिलं. "वारा वाढणार बहुतेक," तो म्हणाला.

"वाढेल," बाई म्हणाल्या.

अर्ज मंजूर झाला. मॉरीनने त्याची पाठ थोपटली. "जिंकलास रे! आता काम संपेपर्यंत सभागृह बंद. मंगळवारचं जेवण थेट ईस्टरनंतर!"

हे क्लिफर्डच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो सगळ्यांबरोबर हसला, घरी गेला आणि रेडिओ लावला.

पुढच्या बुधवारी त्याने दाढी केली, टाय बांधला आणि मिसेस वॉर्बॉइजच्या दारात जाऊन उभा राहिला. आज मागायला छप्पर नव्हतं. इतका वेळ तो टपाल वाटताना कधी कुठल्या दारात थांबला नव्हता. अखेर त्याने कडी वाजवली. दार बोटभर उघडलं.

"आज वारा फार आहे," क्लिफर्ड म्हणाला.

"फारच," बाई म्हणाल्या, आणि दाराची साखळी काढू लागल्या.