ट्रॅक्टर आज मुकाट्याने चढ चढला

नवऱ्याचा उरलासुरला आवाज आज सकाळी मी माझ्या हाताने बंद केला.

ह्यांना जाऊन आज वर्ष झालं.

कारखान्यातून रिटायर झाल्यावर ह्यांनी एक जुना, छोटा ट्रॅक्टर आणला होता. आमच्या पाचाडकडच्या शेताच्या तुकड्यांत मोठा वळतच नाही. मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नको म्हणाले असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारा एक शाफ्ट असतो. त्याच्या जोडाला कपलिंग म्हणतात. त्यात रबर असतं. ते झिजलं की लोखंड लोखंडावर आपटतं.

आमच्याकडे आलं तेच झिजलेलं.

हे गृहस्थ भातगिरणीचा जुना पट्टा आणायचे, त्याच्या चकत्या कापायचे, भोकं पाडायचे आणि रबराच्या जागी बसवायचे. दोन महिने शांतता. मग पुन्हा खटखट.

मी म्हणायचे, "अहो, एकदाचा ओरिजिनल पार्ट आणा की."

"पट्टा मस्त हाय. तू तुझं बघ."

गेल्या वर्षी ऐन कापणीत हार्ट अटॅकने गेले. शेवटच्या चकत्या तेव्हाच झिजत आल्या होत्या.

मग ट्रॅक्टर माझे दीर, धाकटे भाऊजी, चालवायला लागले. पहिल्याच संध्याकाळी तो शेतातून घराकडच्या चढाला लागला आणि खट, खट, खट.

सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, डोळ्यांना अंधुक दिसतं.

हे असताना रोज म्हणायच्या तशाच म्हणाल्या, "आला गो तो. चहा ठेव."

वाटलं, विसरल्या. म्हातारीला तिचा मुलगा गेल्याचं पुन्हा कोणी सांगायचं? मी आत गेले आणि चहा ठेवला.

मग ते रोजचंच झालं. भाऊजी बिचारे भावाच्या कपातला चहा गुपचूप पिऊन शेजारी आपल्या घरी जायचे.

खरं सांगू? मलाही ते हवं होतं. सासूबाईंनी तेवढं म्हटलं की चहाला उकळी येईपर्यंत मी कोणाची तरी बायको असायचे. गॅससमोर उभी राहून केस सारखे करायचे. वेडेपणा, दुसरं काय.

भाऊजी म्हणायचे, कपलिंग बदलूया. मी ढकलत राहिले. लावणी होऊ दे, गणपती होऊ देत, कापणी होऊ दे.

परवा मात्र ते माझ्यासमोर येऊन बसलेच.

"वहिनी, भरली ट्रॉली घेऊन चढावर असताना जोड तुटला तर गाडी मागं येईल. मलापण बायको हाय."



महाडहून नवं कपलिंग आणलं. जमिनीतली ओल जायच्या आत वाल पेरायचे, म्हणून ह्यांच्या वर्षश्राद्धाचा नैवेद्य दाखवून आज सकाळीच कामाला बसलो. चाकांमागे दगड लावले. भाऊजींनी बोल्ट सोडवले आणि जुन्या चकत्या माझ्या हातात दिल्या. भोकं लांबट झालेली, कडा चुरलेल्या. एकीवर ह्यांनी पेनने आखलेली गोल रेघ अजून होती.

मी तिथेच बसून रडले. भाऊजी पाना शोधत राहिले. पाना त्यांच्या हातातच होता.

नवं बसवलं. भाऊजी ट्रायल घ्यायला खाली शेतात गेले. मी ओटीवर सासूबाईंशेजारी येऊन उभी राहिले.

ट्रॅक्टर चढ चढला, अंगणात आला. नुसता इंजिनचा आवाज.

सासूबाई काही बोलल्या नाहीत.

मी वाट पाहिली. शेवटी मीच विचारलं, "आई, चहा ठेवू?"

त्यांनी माझा ग्रीसने काळा झालेला हात चाचपून आपल्या हातात घेतला.

"ठेव. आपल्याला ठेव. तो गेला, ता मला काय ठाव नाय? तू दिसभर भिंतीला टेकून बसायचीस. तो आवाज आला, चहा ठेव म्हटलं, का तेवढी उठायचीस. म्हनून म्हनत होते गो."

आणि वर्षभर मी समजत होते की मी त्यांना सांभाळतेय.

चहा ठेवला. भाऊजी धरून तिघांचा.

अहो, वर्षभर आम्ही दोघींनी तुम्हाला धरून ठेवलं. आता निवांत निघा.

आम्ही एकमेकींना आहोत.