करंजपाड्याचे चिरे

ट्रक ओढ्याच्या अलीकडे थांबला तेव्हा करंजपाड्याची निम्मी माणसं रस्त्यात उभी होती. आशा गांगुर्डे केबिनमधून खाली उतरली. यापूर्वी ती पाड्यावर आली की हीच माणसं ‘या ताई’ म्हणत, कोरा चहा पुढे करत. आज कुणी जागचं हललं नाही.

आशा नाशिकच्या इतिहास मंडळात कामाला होती. त्र्याण्णव साली कारकून म्हणून लागली. खाली संग्रहालय, वर कार्यालय, अशी ती जुनी दुमजली इमारत. कपाटांत नाणी, सनदा, तलवारी, सरदार घराण्यांची भांडी. एकदा तिनं हौसेनं आईला संग्रहालय दाखवायला आणलं. आईचं माहेर विंचूरकडचं, सगळं आयुष्य कष्टात गेलेलं. तिनं सगळं नीट पाहिलं आणि पायऱ्या उतरताना म्हणाली, “छान आहे गं. पण यात आपल्यातलं कुणीच नाही.”

ते वाक्य आशाला सोडेना. ती कॅमेरा शिकली, टेपरेकॉर्डर घेऊन पेठच्या डोंगरांत फिरू लागली. ज्यांना कधी सनदा मिळाल्या नाहीत त्यांचाही इतिहास मंडळानं जपला पाहिजे, हे कार्यकारिणीच्या गळी उतरवायला तिला काही वर्षं लागली. करंजपाड्याचे चिरे हे त्या मंजुरीनंतरचं पहिलं मोठं काम.

चिरा म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाचा दगड. वर चंद्रसूर्य कोरलेले, खाली घोड्यावर बसलेला माणूस. करंजपाड्याचे चिरे ओढ्याकाठी रांगेनं उभे होते. त्याच ओढ्यावर आता धरणाचा बांध पुरा झाला होता. माणसांना वर माळावर नवी घरं मिळाली, चिरे खालीच राहिले. मंडळाचे कार्यवाह रावजी थेटे, निवृत्त शिक्षक, स्वतः धावपळ करून सरकारी परवानगी घेऊन आले. सरपंचांचा होकार आला. नाशकात दालन रंगवून झालं, चौथरे बांधून झाले. २००३चा जुलै होता. दोन दिवस पाऊस हटला नव्हता आणि पाणी खालच्या भाताच्या खाचरांत शिरलं होतं.

आशा गर्दीतून वाट काढत चिऱ्यांपाशी गेली. शेवटच्या चिऱ्याला पाठ टेकून भागीबाई बसली होती. तिच्या डोक्यावर गोणपाटाची खोळ होती. तो चिरा तिच्या नवऱ्याचा, चंदरचा. शेजारी तिचा मुलगा बुधा पहार घेऊन उभा होता.

“आजी, उठा,” आशा म्हणाली. “उद्यापर्यंत इथं पाणी येईल.”

“येऊ दे.”

“नाशकात नीट राहतील. लोक लांबून बघायला येतील.”

“बघून काय करतील?” भागीबाईनं विचारलं. “भात ठेवतील? नाव घेतील?”

आशाला रागच आला. या दगडांसाठी ती मंडळात भांडली होती, लोकांची नाराजी ओढवून घेतली होती. ती पटकन बोलून गेली, “मग काय, बुडवणार का त्यांना?”

बुधा दोन पावलं पुढं आला. पहार त्यानं जमिनीत अशी हाणली की चिखल आशाच्या साडीवर उडाला. “बुडवतंय कोण? बांध आमी घातला? शेत गेलं, घर गेलं, आता आमचं वाडवडीलबी न्या!”

मागून गर्दी सरकली. ट्रकचा ड्रायव्हर गोटीराम घोटीचा, एरवी भाताची पोती वाहणारा. त्यानं इंजिन सुरू केलं आणि ओरडला, “मॅडम, बसा! निघू या आपण.”

आशा वळली नाही. “सरपंचांनी होकार दिला होता,” ती म्हणाली.

“सरपंच खालच्या गावचा. त्याचा एक म्हातारा तरी हाय का हितं?” बुधा म्हणाला. “आमाला कुनी इचारलं?”

कुणीच विचारलं नव्हतं. प्रत्येक चिरा कुणाचा, त्याची गोष्ट काय, हे तिनं खोदून खोदून विचारलं होतं. नेऊ का, एवढंच राहून गेलं होतं.

“मग तुम्ही वर माळावर का नाही नेले?”

“बैलगाडी चढत नाय चिखलात. धरणाच्या साहेबाकडं ट्रक मागितला, तर म्हनला, दगड न्यायला नाय.”

आशानं माळाकडं जाणाऱ्या कच्च्या चढाकडं पाहिलं. मग ट्रककडं.

“गोटीराम, हा चढेल का वर?”

“चढंल की. पण मला नाशकाचं सांगितलंय.”

“मी माळावरचं सांगतेय.”

“आणि थेटे सरांना काय सांगू?”

“तुम्ही काही सांगू नका. मी सांगीन.”

भागीबाई हातानं चिऱ्याचा आधार घेत उठली आणि पाड्याची पूजाअर्चा करणाऱ्या सहादू भगताला हाक मारली. सहादूनं पावसातच प्रत्येक चिऱ्यापुढं चिमूटभर तांदूळ ठेवले, नाव घेऊन निघायची विनंती केली. आशाला वेळ जाताना दिसत होता. पाणी खाचरांच्या बांधावरून आत येत होतं, पण तिनं घाई केली नाही.

मग पहारी, बांबू, दोर. ट्रकमध्ये पेंढा अंथरला. एकेक चिरा उपटून, आडवा करून, माणसांच्या खांद्यांवरून वर चढवला. पहिली खेप घसरत घसरत माळावर पोचली. दुसऱ्या खेपेला गोटीरामनं चाकांखाली फांद्या टाकल्या. तो परतला तेव्हा दिवस कलला होता आणि चंदरचा चिरा गुडघाभर पाण्यात होता. तो सर्वांत नवा, म्हणून ओढ्याला सर्वांत जवळ.

बुधा दोर घेऊन पाण्यात उतरला. दोर बांधला, माणसांनी ओढायला सुरुवात केली आणि चिरा हललाही. तेवढ्यात काठच खचला. चिरा ओढ्याच्या बाजूला कलंडला, दोराला ताण बसला आणि बुधा छातीएवढ्या पाण्यात ओढला गेला. दोराचा वेढा त्याच्या मनगटाला बसला होता. काठावरच्या माणसांचे पाय चिखलातून पुढं घसरू लागले.

“सोड! बुधा, सोड!” आशा किंचाळली.

बुधा सोडेना. तेव्हा भागीबाई पाण्याच्या कडेला आली. आवाज न चढवता म्हणाली, “सोड रं. बाप गेलाच व्हता. तू ये.”

त्यानं दुसऱ्या हातानं वेढा सोडवला. माणसांनी त्याला ओढून वर घेतलं. चिरा कधी बुडाला ते कुणाला नीट दिसलंही नाही.

नाशकात कार्यकारिणीची बैठक झाली. थेटे सर उभे राहिले. “ट्रकचं भाडं मंडळाचं, परवानगी मंडळाची, आणि चिरे तुम्ही परस्पर कुणाला दिलेत?”

“ज्यांचे होते त्यांना, सर.”

“उघड्या माळावर! ऊन, पाऊस, चोर, सगळं आहे तिथं. जपणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायचं?”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ती भीती आशालाही होती. तिनं मान खाली घातली नाही, पण वादही घातला नाही. तिचा कॅमेरा काढून घेतला गेला आणि तिला खाली तिकीट खिडकीवर बसवलं. समोरचं रंगवलेलं दालन रिकामंच राहिलं. शाळांच्या सहली आल्या की मुलं चौथऱ्यांवर चढून फोटो काढत. ती बघत बसे.

पुढच्या वर्षी द्राक्षांच्या हंगामात बुधा खिडकीसमोर येऊन उभा राहिला. पिंपळगावच्या बागांत मजुरीला आला होता. “ताई, बाच्या चिऱ्याचा फोटू हाय ना तुमच्याकडं? नवा चिरा कोरायचा हाय. आई म्हनती, जसा व्हता तसाच पायजे.”

निगेटिव्हच्या कपाटाची किल्ली आता थेटे सरांकडं असे. आशा बुधाला घेऊन जिना चढली. मंडळाची वस्तू बाहेर द्यायची नाही, असा नियम होता, आणि या माणसाचं नाव सरांनी त्या बैठकीत रागानं घेतलेलं तिनं ऐकलं होतं. सर खुर्चीतून उठले नाहीत. सगळं ऐकून घेतलं.  आशाला वाटलं, आता आपलं खिडकीवरचं कामही गेलं.

“कोरणार कोण?” त्यांनी बुधाला विचारलं.

“मीच. आज्याचा बानं कोरला, बाचा मी. तसंच असतंय.”

म्हणजे बुडालेला चिरा याच माणसाच्या हातचा होता. सर उठले, कपाट उघडलं. फोटो मोठा करून दिला आणि दारापर्यंत येऊन म्हणाले, “उभा कराल तेव्हा कळवा. मी आलो तर चालेल का?”

नवा चिरा उभा राहिला त्या दिवशी ते करंजपाड्याला गेले. भागीबाईनं त्यांना सगळ्यांबरोबर पंगतीला बसवलं. परतल्यावर त्यांनीच कार्यकारिणीत ठराव मांडला. घरच्यांना विचारल्याशिवाय वस्तू हलवायची नाही, आणि काढलेल्या फोटोची प्रत आधी घरी द्यायची. ठराव थोड्याच मतांच्या फरकानं मंजूर झाला. आशाला कॅमेरा परत मिळाला. २००५ साली मंडळाचं प्रदर्शन पहिल्यांदा नाशकाबाहेर, करंजपाड्याच्या शाळेत लागलं. भिंतीवर फोटो, टेपवर म्हाताऱ्यांचे आवाज. कुठला आजा कुणाचा यावरून तिथं इतकी भांडणं झाली की आशाला दोन नव्या कॅसेट भराव्या लागल्या.

पण थेटे सरांची भीती खरी ठरली. २००८च्या उन्हाळ्यात माळावरचा सर्वांत जुना चिरा कुणीतरी रातोरात उचलून नेला. निरोप मिळताच आशा पेठला पोचली. पोलीस ठाण्याच्या बाकावर भागीबाई आणि बुधा तिची वाट बघत बसले होते. आशा बसमधून येताना स्वतःला एकच विचारत होती, त्या दिवशी ट्रक नाशकाला नेला असता तर? बुधानं तिच्याकडं पाहिलं. दोष दिल्यासारखं काही त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. आशानं चोरीला गेलेल्या चिऱ्याचा फोटो टेबलावर ठेवला.

“काय गेलंय?” हवालदारानं विचारलं.

“दगड,” बुधा म्हणाला.

“कसला दगड? कुणाचा?”

भागीबाई पुढं झाली आणि तिनं नाव सांगितलं. आपल्या सासऱ्याच्या बापाचं, त्याच्या बापाचं, पाड्याचं. हवालदार आधी हसला, मग फोटोकडं पाहून लिहू लागला.

त्या चिऱ्याचा तपास लागला नाही. आशानं त्याचा फोटो जिल्ह्यातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांतून फिरवला. त्यानंतर कोणत्याही पाड्यावर गेली की, चिरा कुठं ठेवायचा हे ती घरच्यांना विचारते. तो उघड्यावर ठेवला तर काय होऊ शकतं, हेही ती आधी सांगते.