जा, लोक खोळंबलेत

नाट्यगृहाच्या दारात तिकिटं फाडणाऱ्या ताईचा राग ज्याला पाहायचा असेल, त्यानं तिसऱ्या घंटेनंतर आत शिरून बघावं. भल्याभल्यांनी बघितलं आणि मग हात चोळत बाहेरच्या बाकावर बसले. एकदा खुद्द नाट्यगृहाचा मालक उशिरा आला. "अहो, मी मालक आहे इथला!" तो म्हणाला. "मग घंटा कधी होते ते तुम्हाला ठाऊक असायला हवं," असं म्हणून ताईनं दार लावून घेतलं. अंगापिंडानं मूठभर बाई, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. अशी बाई दारात असली की कडी लावली काय, न लावली काय.

त्याच दाराबाहेर ज्या विनोदी नटाचं चित्र भिंतभर लावलेलं असे, तो तिचा धाकटा भाऊ. घरात त्याचं नाव बारक्या. पुढे तो दाराच्या चौकटीत मावेनासा झाला, तरी बारक्याच. आई कामावर जायची, तेव्हा ताईनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं. तिच्या तुरुतुरु चालण्याची नक्कल करतच तो लोकांना हसवायला शिकला. ती त्याच्या पाठीत धपाटा घाली आणि हसूही तिलाच आवरत नसे.

मग दिवस असे आले, की तो रंगमंचावर नुसता उभा राहिला तरी लोक पोट धरून हसत. माणसाला सगळ्यांनीच डोक्यावर घेतलं, की त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. दारू आधी प्रयोगानंतर होती, मग प्रयोगाआधी आली, मग प्रयोगाऐवजीच. एका दुपारी बोलता बोलता तो थेट पहिल्या रांगेत कोसळला. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. टाळ्यांचा नुसता कडकडाट! अख्ख्या नाट्यगृहात हसली नाही ती एकटी दारातली ताई. तिनं त्याला काखेत हात घालून उठवलं, दवाखान्यात नेलं, आणि तो बरा होऊन कामावर परतला तेव्हा एकच अट घातली. प्रयोगाआधी नटांच्या मागच्या दारानं जायचं नाही, तिच्या दारानं यायचं.

"हा कर," ती म्हणे. तो वाकून तोंड उघडी आणि श्वास सोडी. ती भुवया आकसून बराच वेळ वास घेई आणि म्हणे, "जा. लोक खोळंबलेत." तेही तिकीट हातात धरून उभ्या असलेल्या प्रेक्षकांदेखत! एवढा नावाजलेला माणूस, पण शाळकरी पोरासारखा आ वासून उभा राही. त्यानं कधी कुरकुर केली नाही, आणि त्यानंतर तो थेंबालाही शिवला नाही.

मग त्याच्या मनानं घेतलं, आपल्या आयुष्यावर सिनेमा काढायचा. मिळालेलं नाव, लागलेली दारू, ते कोसळणं, काही म्हणून झाकायचं नाही. स्वतःचं काम तो स्वतःच करणार होता. दिग्दर्शिका ताईकडे आली आणि म्हणाली, "ताई, तुमचं काम तुम्हीच करायचं."

"मी कुठली नटी?"

"नेहमीचंच तर आहे. हा कर म्हणायचं आणि वास घ्यायचा."

ताई हो म्हणाली खरी. पण तिला वासच येत नव्हता.

दोन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात तिचं नाक गेलं होतं. साबण, रॉकेल, फुलं, सगळं एकाच मापाचं. तिनं हे कुणाला कळू दिलं नाही. बारक्याला समजलं की कुंपण मोडलंच, याची तिला धास्ती. म्हणून ती तशीच भुवया आकसून हवा ओढी आणि त्याचे डोळे, हात, पाय न्याहाळून घेई. मनातल्या मनात ती याला राखण म्हणे. पण आता तो चारचौघांत सगळं खरं सांगायला निघाला होता, आणि त्या खऱ्याच्या मधोमध हिचं खोटं बसणार होतं.

शूटिंग त्याच नाट्यगृहात होतं. आधी कोसळण्याचा प्रसंग. बाटलीत काळा चहा आहे असं जो तो सांगत होता. सांगणाऱ्यांचं काय जातंय? बारक्यानं बाटली तोंडाला लावली. त्याची जीभ जड झाली, नजर फिरली, पायात पाय अडकला, आणि तो तस्साच कोसळला. ताईनं चौकट घट्ट धरली. सोंग की खरं, हे त्याला जन्मापासून पाहिलेल्या बाईलाही कळेना. कसला नट आहे मेला, असं तिच्या मनात आलं आणि त्याच क्षणी तिला रडूही फुटायला आलं.

कपडे बदलून तो पुढच्या प्रसंगासाठी दारात आला. कॅमेरा सुरू झाला.

"हा कर," ताई म्हणाली. त्यानं केलं. तिनं भुवया आकसल्याच नाहीत.

"मला वास येत नाही रे," ती म्हणाली.

"कट!" दिग्दर्शिका पुढे आली. "ताई, हे वाक्य नाहीये आपलं."

"वाक्य गेलं खड्ड्यात! बारक्या, त्या तापापासून मला कसलाच वास येत नाही. मी तुला फसवत आले. आत्ता तू काय प्यालास तेही मला कळत नाही. खरं सांग."

"चहा," तो म्हणाला. "बिनसाखरेचा. घाणेरडा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि तुझ्या नाकाचं मला ठाऊक आहे, ताई."

"कधीपासून?"

"दूध करपलं त्या दिवसापासून. शेजारीण धावत आली, मी जिन्यातूनच नाक दाबून वर आलो, आणि तू शेगडीशेजारी खुशाल वाटाणे सोलत बसलेली."

"मग रोज कशाला येत होतास आ वासून?"

बारक्या खाली बघून बोलला. "त्याच संध्याकाळी गुत्त्यासमोर उभा होतो. म्हटलं, आता कोण पकडणार? पाऊल उचललंसुद्धा. मग डोळ्यांपुढे आलं, उद्या मी तुझ्यापुढे वाकणार, तुला काहीच कळणार नाही, आणि तू म्हणणार, जा, लोक खोळंबलेत. तेवढं मला सोसलं नसतं गं. परत फिरलो."

ताईला भरून आलं. भावाचा अभिमान वाटला, आणि थोडा रागही आला, कारण तिला कुणी बनवलेलं मुळीच खपत नसे.

दिग्दर्शिकेनं हळूच विचारलं, "ताई, हा प्रसंग गाळू या का?"

"गाळायचा कशाला?" ताईनं रुमालानं डोळे पुसले. "चल रे, हा कर."

तो वाकला. तिनं भुवया आकसून, बराच वेळ, नीट वास घेतला.

"जा," ती म्हणाली. "लोक खोळंबलेत."