सोनबाचं बाड आन् पारूबाईची कातर

आमच्या पासलीच्या फडात सोनबाला गाता येत न्हवतं. गळा असा, की झील वढाय लागला तर शेरडं बिचकावीत. तरी त्याच्याबिगर फड हलत न्हवता. हे मी, साहेबराव, सांगतोय. पंचवीस वर्सं म्या त्याच्या मांडीला मांडी लावून तुणतुणं वाजवलं आन् पंचवीस वर्सं त्याच्याशी भांडलो.

सोनबा वहीवाला. भेदिकाच्या बारीत, म्हंजी सवाल-जबाबाच्या झुंजीत, समूरचा शाहीर गान्यातनं कोडं घालतो, आपल्या शाहिरानं ते गान्यातनंच उलगडायचं. झीलकरी ध्रुपद तीनदा घोळवत्यात, तेवढाच वेळ. आमचा शाहीर रखमाजी. आवाज खणखणीत, पन अक्षराशी वैर, आन् डोस्क्यात एक गानं टिकंल तर शपथ. समदी गानी सोनबाच्या बाडात, त्यो ओळ कानात सांगनार तवा रखमाजी गानार. चारशे पानांचं बाड, आदी बापानं आन् मंग त्यानं हातानं उतरून घेतलेलं. जे जवा घावलं तवा लिवलं, त्यामुळं सीतेच्या शेजारी बैल आन् त्याच्या पाठीवर महादेवाचं लगीन. दुसऱ्या कुनाच्या हातात दिलं तर सांज व्हईपतूर पान घावायचं न्हाई.

सोनबाला पापनी लवायच्या आत घावायचं. त्यानं पानापानाला गोधडीचं रंगीत दोरं बांधलं व्हतं. रामायणाला तांबडा, महादेवाला पिवळा, शेतीभातीला हिरवा. सवालाच्या दोऱ्याला जितक्या गाठी, तितक्याच त्याच्या जबाबाच्या दोऱ्याला, मंग जबाब शंभर पानं लांब का असंना. दोरा वडला की पान म्होरं. आन् एका जागंवरनं दुसरीकडं जाताना डावं बोट पैल्या जागी तसंच ठेवायचा, म्हंजी माघारी येताना सोधायला नको. लोक रखमाजीचा गळा ऐकायला यायचे, मी सोनबाची बोटं बघायचो. त्याला मातुर कदी बोललो न्हाई, उगं चढून बसला असता.

त्या साली, अडुसष्ट असंल, पालीच्या जत्रंत भोरच्या मानसिंग शाहिराशी बारी ठरली. रखमाजीचा पुतन्या ज्ञानू तवा मॅट्रिक हून आला व्हता. म्हनायचा, वहीच्या जिवावर गातो त्यो कसला शाहीर, मी समदं पाठ करून सांगतो. रखमाजीला ते पटाय लागलं. त्यानं तोंडावर सांगितलं, "सोनबा, या बारीला एक जबाब अडला तर फुडल्या जत्रंला तू खाली लोकांत बस."

सोनबानं बाड फडक्यात गुंडाळलं. पन मला ठावं व्हतं. वरीसभर चिखलात वाकायचं ते त्या एका जागंसाठी, शाहिराच्या मागं, उजव्या अंगाला. ती गेली असती तर गडी खचला असता.

जत्रंच्या दुपारी आमी देवळाच्या पारावर बसलो. सोनबानं फडकं सोडलं आन् त्याच्या तोंडचं पानीच पळालं. बाडाला तांबड्या खारव्याचं नवं कोरं कव्हर, आन् दोरा एक न्हाई. खाली बायांत त्याची बायको पारूबाई कौतुकानं बघत बसलेली. नवऱ्याचं बाड चिंध्या लोंबत जत्रंत जातं, लोक हसत्यात, म्हनून तिनं कातर घिऊन समदं दोरं साफ केलं व्हतं. मनात चांगलंच व्हतं बिचारीच्या.

मी म्हनलं, "सोनबा, घरला चल."

"गप तुणतुणं वाजीव," म्हनला.

पैलं दोन सवाल नेहमीचंच, रखमाजीनं कसंबसं निभावलं. तिसऱ्याला मानसिंगनं गळा काढला. एका घरी जन्मली, दुसऱ्या घरी नांदली, तिसऱ्या घरी मार खाल्ला, चौथ्या घरी गोरी झाली, तिचं नाव सांगा.

आमी शाहीर मंडळी लई शानी. बाई म्हनलं की पुराण. रखमाजी कुजबुजला, "सीता बघ." सोनबा पानं उलटाय लागला. सीता घावंना. ज्ञानू म्हनला द्रौपदी. मी अहिल्या म्हनलं, कबूल करतो. तेवढ्यात ध्रुपद एकदा झालं. सोनबाचा घाम बाडावर टपकत व्हता.

नवऱ्याचं तोंड बघून पारूबाईला कळलं, आपुन काय करून बसलो. ती उठली, गर्दीतनं वाट काढीत पाराशी आली आन् पदर तोंडाला लावून म्हनली, "अवं, सीता कशाला? साळ हाय ती. रोपांच्या तरव्यात जन्मली, खाचरात नांदली, खळ्यावर झोडली, उखळात कांडून पांढरी झाली."

ध्रुपद दुसऱ्यांदा झालं.

"पन पान कुठं सोधू?" सोनबाचा आवाज रडवेला.

"ते गानं तुमी उखळापाशी बसून वाचत व्हता. म्या कांडत व्हते. कोंडा उडून पानात बसला म्हनून माझ्यावर वराडला व्हता. त्यो कोंडा बघा."

सोनबानं बाडाच्या कडंवर अंगठा फिरवला. मधीच एका जागी खरखर लागली आन् पिवळा भुगा मांडीवर गळला. त्यानं तिथंच बाड उघडलं. तिसरं ध्रुपद सरायच्या आत पैली ओळ रखमाजीच्या कानात गेली, आन् रखमाजी असा गायला, की मानसिंगच मान डोलवाय लागला. बारी आमची झाली.

मानाचा नारळ रखमाजीनं घेतला आन् सोनबाच्या हातात दिला. "फुडल्या जत्रंलाबी जागा तुझीच," म्हनला. ज्ञानू जिलबीच्या पालाकडं गेला.

सोनबा उठला, पारावरनं उतरला आन् भर जत्रंत त्यानं त्यो नारळ पारूबाईच्या वटीत घातला. वटी बायांनी भरायची असती, नवऱ्यानं न्हवं. लोक हसून हसून लोळलं. माझं डोळं भरलं. भांडत असलो म्हनून काय झालं?

पारूबाई खाली बघत म्हनली, "घरी गेल्यावर समदं दोरं परत बांधते."

"बांध," सोनबा म्हनला. "साळीच्या पानाला तेवढा नको."